परतलेल्या लहरीचा हिशोब : प्रस्तावना

उसाला पाणी कधी द्यायचे, हे वाळवा तालुक्यातला जुना शेतकरी मूठभर माती दाबून ठरवतो. गोळा होतो का, टाकल्यावर तो फुटतो का, हाताला किती चिकटतो, एवढ्यावरून वाफसा आहे की नाही हे त्याला समजते. आता त्याच्याच शेतात ठिबकच्या लॅटरलशेजारी एक सेन्सर रोवलेला असतो आणि मुलाच्या मोबाइलवर आकडा येतो : ओल ४० टक्के. मुठीतला अंदाज पिढ्यान्‌पिढ्या तपासून घेतलेला आहे. मोबाइलवरचा आकडा मात्र कोणत्या मातीत, कोणत्या तापमानाला, किती लांब केबल जोडून तपासला गेला, हे क्वचितच कोणी विचारते. हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिले आहे.

जमिनीतली ओल विजेच्या लहरीने मोजण्याच्या पद्धतींत टाइम-डोमेन रिफ्लेक्टोमेट्री, म्हणजेच टीडीआर, ही सर्वांत भरवशाची मानली जाते. बाजारातले स्वस्त सेन्सर बहुधा दुसऱ्या तत्त्वावर चालतात, पण ते खरे की खोटे हे पडताळताना प्रयोगशाळेत पुष्कळदा टीडीआरचेच माप प्रमाण धरतात. ही पद्धत मुळात शेतीची नाही. केबलमधला बिघाड शोधणाऱ्या इंजिनिअरांच्या हातून ती घडली, इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या कामात तिला धार आली आणि तिथून ती माती, खडक आणि घसरत्या डोंगरापर्यंत पोचली. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठी या तिन्ही कामांची गरज आहे. म्हणून विषयाची ओळख याच मुलखाच्या अंगाने करून दिली आहे.

तत्त्व सोपे आहे. उपकरण केबलमध्ये एकदम चढणारा छोटा व्होल्टेज सोडते. ही पायरी पुढे सरकत जाते आणि वाटेत इम्पीडन्स बदलला की तिचा काही भाग मागे परततो. केबल ५० ओहमची असेल आणि तिचे टोक उघडे असेल, तर संपूर्ण लहर त्याच चिन्हाने परत येते. टोक शॉर्ट केले तर ती उलट्या चिन्हाने येते. टोकाला नेमका ५० ओहमचा लोड लावला तर काहीच परतत नाही. लहर परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि परतलेल्या लहरीच्या उंचीवरून तिथे काय आहे याचा अंदाज येतो. रिकाम्या जागेत लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते, पॉलिएथिलीनच्या नेहमीच्या केबलमध्ये सुमारे २० सेंटीमीटर. जाऊन येण्याचा हिशोब धरला, तर पडद्यावरच्या एका नॅनोसेकंदाला केबलचे दहा सेंटीमीटर पडतात.

माती मोजायची तर केबलच्या टोकाला दोन किंवा तीन समांतर सळ्यांचा प्रोब जोडतात आणि तो जमिनीत रोवतात. सळ्यांभोवतीचा पदार्थ लहरीला किती मंदावतो, हे त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर ठरते. हवेचा हा स्थिरांक १, मातीतल्या खनिजांचा साधारण ३ ते ५ आणि पाण्याचा ८० च्या घरात. हा फरक इतका मोठा आहे, की मातीत पाणी किती यावरच लहरीचा वेग मुख्यतः ठरतो. वीस सेंटीमीटरच्या प्रोबवर लहरीला जाऊन यायला हवेत १.३ नॅनोसेकंद लागतात, तर शुद्ध पाण्यात जवळजवळ १२. जमिनीतली प्रत्येक ओल या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे तरी बसते.

इथेच राइज टाइमचा प्रश्न उभा राहतो. विहिरीच्या काठावर टाळी वाजवली, तर प्रतिध्वनी कधी आला हे नेमके सांगता येते. त्याच जागी लांब हुंकार दिला, तर हुंकार संपायच्या आतच प्रतिध्वनी त्यात मिसळतो. टीडीआरची पायरी किती उभी आहे, म्हणजे व्होल्टेज १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला किती वेळ लागतो, हा तिचा राइज टाइम. परतलेल्या लहरीचा क्षण कितपत नेमका वाचता येईल आणि एकमेकांजवळचे दोन बदल वेगळे दिसतील की नाही, हे त्यावर ठरते. ३५ पिकोसेकंदांच्या राइज टाइमची पायरी केबलमधले साडेतीन मिलिमीटरवरचे दोन बदल वेगळे दाखवू शकते. २०० पिकोसेकंदांची पायरी असेल तर हे अंतर दोन सेंटीमीटरवर जाते. राइज टाइमने ०.३५ ला भागले की लहरीत कुठपर्यंतच्या वारंवारता शिल्लक आहेत हे कळते : ३५ पिकोसेकंदांना १० गिगाहर्ट्‌झ, २०० पिकोसेकंदांना पावणेदोन गिगाहर्ट्‌झ.

आणि हा राइज टाइम उपकरणातून निघताना असतो तसा प्रोबपर्यंत पोचत नाही. केबल, कनेक्टर, मल्टिप्लेक्सर, वाचणारा सॅम्पलर, प्रत्येक जण पायरी थोडी थोडी बोथट करतो. ढोबळ नियम असा, की सर्वांच्या राइज टाइमचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ घ्यायचे. २०० पिकोसेकंदांच्या उपकरणाला ३०० पिकोसेकंदांची केबल जोडली, तर हाती ३६० पिकोसेकंद राहतात आणि वारंवारतेची मर्यादा एक गिगाहर्ट्‌झच्या खाली घसरते. लांब केबलची आणखी एक खोड आहे. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत गोळा होतो, त्यामुळे होणारे नुकसान मुख्य असेल तर केबलची लांबी दुप्पट केल्यावर तिच्यापायी येणारा राइज टाइम चौपट होतो. शिवाय पायरीच्या डोक्यावर एक लांब शेपूट राहते आणि ती वर्गमुळाच्या नियमात बसत नाही. शेताच्या मधोमध असलेल्या प्रोबपासून बांधावरच्या पेटीपर्यंत केबल ओढली, की हे सगळे एकदम लागू होते.

लांबीच्या वर्गाशी इंजिनिअरांची गाठ पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलमध्ये संदेश पसरट का होतात, हे १८५० च्या दशकात विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन शोधत होते. त्यांनाही विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढताना दिसला. कारण वेगळे होते, गणिताचा घाट तसाच होता. १८५८ ची पहिली अटलांटिक केबल काही आठवड्यांत बंद पडली. पुढे ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारेवरून जाणाऱ्या लहरींची समीकरणे मांडली. केबलचा प्रत्येक बिंदू लहरीशी कसा वागतो हे त्यामुळे कागदावर मांडता येऊ लागले आणि टीडीआरचा सैद्धांतिक पाया त्या समीकरणांतच आहे.

आजच्या अर्थाने हे तंत्र उभे राहिले ते १९६० च्या दशकात, सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप आल्यावर. फेब्रुवारी १९६४ च्या ह्यूलेट-पॅकार्ड जर्नलमध्ये बर्नार्ड ऑलिव्हर यांचा या विषयावरचा लेख आला आणि पद्धत इंजिनिअरांच्या वर्तुळात रुळली. १९६९ मध्ये फेल्नर-फेल्डेग यांनी हेच तंत्र द्रवांचे डायइलेक्ट्रिक गुणधर्म मोजायला वापरले. केबलमधला दोष शोधण्याऐवजी केबलभोवतीचा पदार्थच ओळखायचा, ही दिशा तिथून पक्की झाली. टेक्ट्रॉनिक्सचा १५०२ हा उचलून नेता येण्याजोगा केबल टेस्टर पुढे कितीतरी मृदाशास्त्रज्ञांचे शेतातले उपकरण झाला.

मातीसाठी निर्णायक वर्ष १९८०. कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी वॉटर रिसोर्सेस रिसर्च या नियतकालिकात डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून थेट ओल देणारे समीकरण प्रसिद्ध केले. चार खनिज मातींवर ते सुमारे १.३ टक्के प्रमाण त्रुटीत बसले. मातीचा प्रकार, घनता, तापमान यांचा फारसा विचार न करता ओल काढता येते, हा त्याचा मोठा दिलासा होता आणि आजही असंख्य उपकरणांच्या पोटात तेच समीकरण बसवलेले असते. पण त्याच लेखात सेंद्रिय माती, व्हर्मिक्युलाइट आणि काचेचे मणी यांचे वक्र वेगळे निघाले होते. समीकरण सर्वांना लागू नाही, हे त्याच्या कर्त्यांनीच दाखवून ठेवले होते. ते पुढे सोयीने विसरले गेले.

१९८४ मध्ये डाल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की त्याच एका लहरीतून मातीची क्षारताही मोजता येते. लहर परतायला लागलेला वेळ पाण्याचा हिशोब देतो आणि तिची घटलेली उंची मिठाचा. एकाच प्रोबने, एकाच जागी, एकाच क्षणी दोन्ही मापे मिळणे ही खारवट जमिनीच्या अभ्यासकांसाठी मोठी गोष्ट होती. कृष्णाकाठाला तर ती फारच जवळची आहे.

तिथून पुढे या क्षेत्रात तीन प्रवाह दिसतात. पहिला अनुभवजन्य समीकरणांचा : मोजा, वक्र बसवा, वापरा. टॉप यांचे समीकरण याच घरातले, तसेच १९८६ मध्ये लेदियू आणि सहकाऱ्यांनी स्थिरांकाचे वर्गमूळ आणि ओल यांच्यात मांडलेले साधे सरळ नातेही. दुसरा प्रवाह मिश्रणाच्या प्रतिमानांचा. माती म्हणजे खनिज, पाणी आणि हवा यांचे मिश्रण, तेव्हा प्रत्येकाचा वाटा ठरवून एकूण स्थिरांक काढायचा. रोथ आणि सहकाऱ्यांचे १९९० चे काम यात मोडते. घनता वेगळी असली तर आकडा का हलतो, याचे उत्तर हा प्रवाह देतो. तिसरा प्रवाह म्हणतो, की लहरीवरचा एकच बिंदू वाचून बाकीची टाकून देणे बरोबर नाही. नेदरलँड्‌समध्ये हाइमोव्हारा यांनी १९९० च्या दशकात संपूर्ण लहरीचे वारंवारतेनुसार विश्लेषण करण्यावर भर दिला. राइज टाइमचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे मध्यभागी येतो, कारण कोणत्या वारंवारता मातीपर्यंत पोचल्या हे माहीत नसेल तर या विश्लेषणाला आधारच राहत नाही.

हे पुस्तक तिन्ही प्रवाहांना जागा देते, पण ठाम भूमिकाही घेते : कॅलिब्रेशन जिथे मोजायचे तिथल्या मातीत आणि तिथल्या केबलसकट झाले पाहिजे. उपकरणासोबत आलेला कागद ही सुरुवात आहे, पुरावा नाही.

कॅलिब्रेशनचे तीन थर आहेत आणि ते एकावर एक बसतात. सर्वांत खालचा थर उपकरणाचा. केबलच्या टोकाला, म्हणजे जिथून प्रोब सुरू होतो तिथे, एकेक करून शॉर्ट, उघडे टोक आणि ५० ओहमचा लोड लावून लहर टिपून ठेवायची. त्यावरून शून्य कुठे धरायचा आणि उंची किती मानायची हे ठरते. शॉर्ट लावल्यावर परतणारी कड किती वेळात उतरते, तो उपकरण आणि केबल मिळून झालेला राइज टाइम. तो एकदा हाती आला की पुढच्या मापातून वजा करता येतो, अर्थात वर्गांच्या हिशोबाने. शॉर्टला २५० पिकोसेकंद आणि मोजायच्या वस्तूसह ३२० दिसले, तर वस्तूचा स्वतःचा वाटा २०० पिकोसेकंद.

हे गणित इथे छान जमते. पण वस्तूसह २५५ दिसले तर? उत्तर येते ५०. आणि वाचताना दोनच पिकोसेकंदांची चूक झाली, तर ते ३९ ते ६० यांत कुठेही जाऊ शकते. म्हणजे उपकरणाचा राइज टाइम मोठा असेल तर छोटा परिणाम वजाबाकीने काढणे जवळजवळ व्यर्थ असते. १९८० च्या दशकातल्या डिजिटल टीडीआर उपकरणांत नॉर्मलायझेशनची सोय आली. शॉर्ट आणि लोडच्या नोंदींवरून केबलचे दोष गणिताने पुसायचे आणि हव्या त्या राइज टाइमची लहर पडद्यावर उभी करायची, असे ते तंत्र. पण मागितलेला राइज टाइम फारच कमी असेल, तर केबलमध्ये कायमच्या हरवलेल्या वारंवारतांच्या जागी नुसता गोंगाट मोठा होऊन येतो. तीक्ष्ण दिसणारी ती कड खरी नसते.

दुसरा थर प्रोबचा. सळ्यांची फुटपट्टीने मोजलेली लांबी आणि लहरीला जाणवणारी लांबी एक नसते, शिवाय प्रोबच्या डोक्यातल्या इपॉक्सीतही थोडा वेळ जातो. म्हणून प्रोब आधी हवेत आणि मग शुद्ध पाण्यात धरून दोन वेळा नोंदवतात. त्यावरून खरी लांबी आणि सुरुवातीचा वेळ, दोन्ही निघतात. इथे थर्मामीटर विसरून चालत नाही. पाण्याचा स्थिरांक २० अंशांवर ८०.१ असतो, ३० अंशांवर तो ७६.६ च्या आसपास उतरतो. थंडीतल्या सकाळी साताऱ्यात भरलेली बादली आणि एप्रिलच्या दुपारी मिरजेत भरलेली बादली एकच धरली, तर वीस सेंटीमीटरच्या प्रोबच्या लांबीत साडेचार मिलिमीटरची चूक सहज शिरते.

तिसरा थर मातीचा, आणि तिथेच सर्वांत जास्त कष्ट आहेत. शेतातून ठरावीक खोलीवरची माती आणायची, वाळवायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची. मोजून पाणी मिसळायचे, झाकून ठेवून ते सगळीकडे मुरू द्यायचे, मग पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात थर देत, ठरवलेल्या घनतेला दाबत भरायची. प्रोब खुपसायचा, लहर टिपायची, पाइप तोलायचा. लगेच थोडी माती काढून १०५ अंशांवर ओव्हनमध्ये २४ तास ठेवायची आणि वजनातली घट पाहायची. वजनावर काढलेली ओल घनतेने गुणली की आकारमानावरची ओल मिळते, तोच खरा संदर्भ. कोरड्यापासून चिंब भिजलेल्यापर्यंत अशा बऱ्याच पायऱ्या घेतल्या की एका मातीचा एक वक्र तयार होतो. हे काम चिकाटीचे आहे, पण त्याला लागणारी साधने साधी आहेत. कुठल्याही चांगल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती सापडतात.

आता ही सगळी खटपट कृष्णाकाठी इतकी गरजेची का, ते पाहू. इथली खोल काळी माती स्मेक्टाइट गटातल्या चिकण खनिजांनी भरलेली आहे. तिच्या कणांचा पृष्ठभाग अफाट असतो आणि त्याला चिकटलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही, त्याचा स्थिरांक बराच कमी असतो. त्यामुळे ओल आहे त्यापेक्षा कमी दिसते. याच्या उलट, हीच माती वीज वाहून नेते आणि खालच्या वारंवारतांना तिचा स्थिरांक फुगलेला दिसतो. लांब केबलने राइज टाइम वाढवला, की लहरीतल्या वरच्या वारंवारता गळतात आणि जमिनीत थेंबभर पाणी न वाढताही आकडा वर सरकतो. दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात. त्यांतली कोणती जिंकेल हे त्या मातीवर, त्या केबलवर ठरते, टेबलाशी बसून सांगता येत नाही. यात भर म्हणजे काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि सळीभोवती हवेची फट राहते. फटीमुळे माप पुन्हा कमी येते, तेही अशा वेळी जेव्हा पिकाला पाण्याची गरज सर्वांत जास्त असते.

चुकीची किंमत पाण्यात काढता येते. वीस सेंटीमीटरच्या प्रोबवर लहरीला ६.६७ नॅनोसेकंद लागले, तर स्थिरांक २५ आणि टॉप यांच्या समीकरणाने ओल ४० टक्के. कड बोथट असल्यामुळे परतीचा क्षण ०.३ नॅनोसेकंद उशिरा वाचला गेला, तर तीच ओल ४२ टक्के दिसते. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ३० सेंटीमीटर खोलीच्या मुळांच्या थरात दोन टक्के म्हणजे सहा मिलिमीटर पाणी, म्हणजे हेक्टरी साठ हजार लिटर. टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळ योजनेचे उपसलेले पाणी पंपाच्या विजेचा खर्च सोसून आटपाडी, कवठे महांकाळ, जत या भागांत पोचते, तेव्हा साठ हजार लिटरचा आकडा डोळ्याआड करण्यासारखा राहत नाही.

नदीकाठाचा प्रश्न याच्या उलट आहे. सांगली, मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात वर्षानुवर्षे उसाला भरपूर पाणी दिले गेले, काळ्या मातीतून निचरा होईना, आणि जमिनी खारवट आणि चोपण झाल्या. अशा जमिनीत टीडीआरची लहर सळ्यांच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच विरते. परतीची कड आधी पसरट होते, मग दिसेनाशी होते, आणि उपकरण तरीही काहीतरी आकडा देऊन मोकळे होते. यावर उपाय आहेत : आखूड प्रोब, आखूड केबल, सळ्यांवर निरोधक लेप, वेळेऐवजी संपूर्ण लहरीचे विश्लेषण. प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. आखूड प्रोबवर वेळेचा फरकच लहान असल्याने राइज टाइमची चूक मोठी ठरते आणि लेप दिलेल्या सळीला पुन्हा नव्याने कॅलिब्रेशन लागते. पण लहरीची जी झीज ओल मोजताना आड येते, तीच नीट कॅलिब्रेट केली तर क्षारतेचे माप देते. निचऱ्याच्या पाइप टाकल्यावर जमीन खरोखर सुधारते आहे का, हे हंगामामागून हंगाम त्याच जागी पाहता येईल, अशी ही सोय आहे.

या मुलखाला मातीच्या शास्त्राची परंपरा आहे, हे इथे नोंदवायला हवे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे. १९३८ मध्ये बासू आणि सिरूर यांनी नीरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालच्या जमिनींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. कालव्याचे पाणी कोणत्या जमिनीला मानवेल आणि कोणती बिघडवेल, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. सांगलीजवळ कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केंद्र आहे. पाडेगावहून आलेला फुले २६५ हा उसाचा वाण खारवट जमिनीत तग धरतो म्हणून शेतकऱ्यांनी स्वीकारला. लहरींच्या मापनाने या कामात भर घालायची, तर त्या जमिनींचे जुने वर्गीकरण हाताशी ठेवूनच कॅलिब्रेशनची माती निवडायला हवी.

मातीपलीकडच्या शाखाही पुस्तकात येतात. जमिनीखालच्या वीजवाहिनीत फॉल्ट झाला, की मेगरने इन्सुलेशन तपासून, टीडीआरने अंतर काढून आणि थंपरने जागा पक्की करून मगच खड्डा घेतात. इथे कॅलिब्रेशन म्हणजे त्या केबलमधला लहरीचा वेग नेमका ठाऊक असणे. वेगात दोन टक्क्यांची चूक असेल, तर पाचशे मीटरवरचा फॉल्ट दहा मीटर सरकतो आणि रस्ता भलत्याच ठिकाणी खोदला जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. अशा पुरानंतर जॉइंटमध्ये शिरलेले पाणी शोधायचे, तर लहरीत दिसते ती फक्त एक उथळ दरी. राइज टाइम मोठा असेल तर ती दरी सपाटच होऊन जाते.

पश्चिमेला कोयनेचे खोरे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हा भाग भूशास्त्राच्या जगात ओळखला गेला. कराडला भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर घेण्यात आले. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. डोंगर सरकतो आहे का, हे पाहण्यासाठी टीडीआरचा वापर १९८० च्या दशकापासून अमेरिकेतल्या खाणींमध्ये आणि उतारांवर रुजला. ओकॉनर आणि डाउडिंग यांच्या १९९९ च्या ग्रंथात तो सविस्तर मांडला आहे. विवरात केबल सोडून सिमेंटच्या ग्राउटने पक्की करतात. खडक सरकला की केबल तिथे चेपते आणि लहरीवर खूण उमटते. केबल आत सोडण्यापूर्वी तिला ठरावीक अंतरांवर मुद्दाम चिमटे काढतात. या ज्ञात खुणा म्हणजे खोलीचे कॅलिब्रेशन, आणि सर्वांत खालची खूण किती पसरट दिसते यावरून त्या खोलीवर राइज टाइम किती बोथट झाला आहे हेही कळते.

हे सगळे आत्ताच का मांडायचे? बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रयोगांनंतर ऊसशेतीत सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा शिरकाव वेगाने होतो आहे. साखर कारखाने सभासदांना ही साधने सुचवत आहेत. मॉडेल कितीही हुशार असले, तरी त्याला मिळणारा आकडा परक्या मातीच्या वक्रावरून आलेला असेल, तर सल्लाही परक्या मातीचाच मिळणार. वीजवाहिन्या जमिनीखाली जात आहेत, घाटातल्या वस्त्या दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहत आहेत. मापाची गरज वाढली आहे आणि ते माप तपासून पाहणारी माणसे त्या मानाने फार थोडी आहेत. ती तयार व्हावीत, ही या पुस्तकामागची तळमळ आहे.

वाचक कोण असेल हे मनाशी ठरवूनच लेखन झाले आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातला किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी, कृषी पदवीधर, महावितरणचा केबल जॉइंटर, ठिबक बसवणारा तंत्रज्ञ, आणि आपल्या शेतातल्या पेटीत काय चालते हे जाणून घेऊ पाहणारा शेतकरी. बारावीच्या विज्ञानाइतकी तयारी पुरेशी आहे. समीकरणे आहेत, पण प्रत्येकाशेजारी आकड्यांनी सोडवलेले उदाहरण आहे. मराठीतून तंत्राची गोष्ट सांगण्याची रीतही या मुलखाला नवी नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि मराठी विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले. त्या वाटेवरच हे पुस्तक चालते. कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि शेतात रुळलेले शब्द त्यात तसेच ठेवले आहेत.

सर्व उत्तरे इथे मिळतील असे नाही. उपकरण आणि प्रोब यांचे कॅलिब्रेशन वाचकाला या पानांवरून स्वतः करता येईल. मातीचे काम मात्र एका पुस्तकाच्या आवाक्यातले नाही. कृष्णा, वारणा, येरळा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांत काळी, तांबडी, मुरमाड आणि खारवट अशा कितीतरी जमिनी आहेत, आणि प्रत्येकीचा वक्र कोणीतरी घालून द्यायला हवा. एका कॉलेजच्या एका बॅचने आपल्या तालुक्यातल्या दोन-तीन माती घेतल्या, तरी काही वर्षांत चांगला साठा जमेल. प्रत्येक नोंदीत गाव, खोली, घनता, क्षारता, तापमान, केबलची लांबी आणि मोजलेला राइज टाइम हे सात रकाने भरलेले असावेत, म्हणजे एकाचे माप दुसऱ्याला वापरता येईल. त्यासाठीचा कोरा तक्ता परिशिष्टात दिला आहे आणि तो झेरॉक्स करून वापरायला सर्वांना मुभा आहे.